दहा लाख नऊ

यंदा मीठ लवकर धरलं, असं परवा आईने फोनवर सांगितलं. वाफ्यांच्या कडेला पांढरी साय दिसायला लागली आहे, बाबा दुपारचे घरी येतच नाहीत, अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्यात आणि शेजारच्यांची कोंबडी त्यांच्यावर फेऱ्या मारते. एवढं सगळं एका दमात सांगून झाल्यावर तिने विचारलं, तुझो अभ्यास कसो चल्लो हा? मी म्हटलं, चाललाय. फोन ठेवला आणि हॉस्टेलच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, जरा वेळ उभी राहिले. बाहेर पठारावर ऊन होतं, वाराही होता, पण त्या वाऱ्याला खाडीचा वास नव्हता.

माझ्यासोबतच्या मुलींना मार्च म्हटलं की परीक्षा आठवते. मला आधी मीठ आठवतं, मग परीक्षा. पेडण्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात या दोन्ही गोष्टी एकाच उन्हात पिकतात. दहावीची भूमिती मी मिठागराच्या बांधावर बसून पाठ केली. त्या पुस्तकाची पानं अजून कडक आहेत, उलटताना कुरकुरतात. पण ज्या मोसमाबद्दल मला लिहायचं आहे तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. लोक एखादं वर्ष लग्नावरून लक्षात ठेवतात, कुणी आजारपणावरून. मी ते वर्ष एका संख्येवरून लक्षात ठेवलं आहे. एका संख्येवर लेख होतो का, मला खरंच माहीत नाही. तरी लिहून बघते.

संख्या ही: १०,००,००९. दहा लाख नऊ.

आमच्या गणिताच्या मॅडमची एक पद्धत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्या प्रत्येकाला एक मोठी संख्या द्यायच्या आणि सांगायच्या, शेजारी कुणी नवीन राहायला आलंय असं समजा, ओळख करून घ्या. त्या वर्षी सगळ्यांना दहा लाखाच्या लगेच पुढच्या संख्या मिळाल्या. अटी दोन. मोबाइलला विचारायचं नाही. आणि दोनने भाग जातो का, तीनने जातो का, सातने जातो का, असं एकेक करून चाचपायचं नाही. वर्षाच्या शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर फळ्यापाशी उभं राहून सांगायचं, ही संख्या अविभाज्य आहे की नाही, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कुणी भागू शकतं की नाही. आणि नुसतं सांगायचं नाही, पटवून द्यायचं.

मी चिठ्ठी उघडली तेव्हा मला आधी आमचं मिठागरच दिसलं. एका टोकाला ताठ उभा एक, दुसऱ्या टोकाला फावडं घेऊन वाकलेला नऊ, आणि मधे पाणी भरून ठेवलेले पाच वाफे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर माझ्या वर्गातल्या, मये गावच्या सुदेशने वर्षभर सोडलं नसतं. तसंही तो माझ्या संख्येला नऊवारी म्हणायचाच. त्याला स्वतःला दहा लाख एक मिळाली होती, आणि ती त्याने एका दुपारी निकालात काढली. दहा लाख म्हणजे शंभरचा घन, आणि एक म्हणजे एकचा घन. दोन घनांच्या बेरजेचं सूत्र शाळेतलं. त्यात घातलं की संख्या आपोआप उलगडते, १०१ गुणिले ९९०१. खाणी बंद पडल्यापासून त्याच्या वडिलांचा ट्रक घरासमोर उभा होता आणि सुदेश संध्याकाळी शिकवण्या घ्यायचा, त्यामुळे एका दुपारीच सुटलो याचा त्याला भलता आनंद. रोज विचारायचा, नऊवारी नेसून झाली का?

माझी नेसून होत नव्हती.

मॅडमनी मला एक वाट दाखवली होती. माझी संख्या दोन वर्गांची बेरीज आहे हे उघडच दिसतं. हजारचा वर्ग दहा लाख, तीनचा वर्ग नऊ. आता नियम असा, की अशी विषम संख्या जर दोन वर्गांत मांडायची एकच रीत असेल, आणि त्या दोन बाजूंना सामाईक काही नसेल, तर संख्या अविभाज्य. दुसरी रीत सापडली, तर ती नक्की फुटते. मला हा नियम ऐकून कळला नाही. कळला तो आमच्या अंगणात. मी वाळत घातलेल्या काजूच्या बियांतून पासष्ट बिया वेगळ्या काढल्या. आठ ओळी, आठ बिया, एक उरली. म्हणजे एक मोठा चौरस आणि एक एकट्या बीचा चौरस. मग सगळ्या विस्कटून सात ओळी सात बिया मांडल्या. सोळा उरल्या, त्यांचा चार ओळींचा चौरस झाला. पासष्ट, पण दोन रीतींनी. आणि पासष्ट म्हणजे पाच गुणिले तेरा. फुटते. मी अंगणात उकिडवी बसून एकटीच हसले. आई म्हणाली, वाळवण घातलेलां आसा, रांगोळी नाय. मी बिया परत पसरल्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की गणित कुणाच्या तरी डोक्यात नसतं, ते जमिनीवर असतं आणि आपण त्याच्यावरून चालत असतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या प्रकल्पावर माझं पुष्कळ काही अवलंबून होतं. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. बी.एस्सी.च्या पुढे काय असतं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मलाही फार नव्हतं. आईचा भाऊ, माझा मामा, मोरजीला पर्यटकांची टॅक्सी चालवतो. तिथल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर बसायला मुलगी हवी होती आणि मामाने माझं नाव सांगून ठेवलं होतं. नोकरी वाईट नव्हती. थंड हवेत बसायचं, इंग्रजी सुधारणार, घरापासून जवळ. मामा प्रेमानेच सांगत होता. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि एका सकाळी उंडे, आमचे गोल कडक पाव, चहात बुडवताना निकाल दिला: "परीक्षेक येतले ते सर काय म्हणतत बघूया. पुढे शिकूक व्हया म्हणाले तर शीक. नाय तर मोरजी." त्यात राग नव्हता, जबरदस्ती नव्हती. मला काय हवं आहे हे मात्र त्या वाक्यानंतर मला एकदम कळलं. मोरजी नको होतं. इतकं नको होतं की उंडा तसाच टाकून मी वही घेऊन बसले.

मामाला माझ्या संख्येची गंमत वाटायची. दहा लाख समजले, म्हणायचा, पण ते वयले नऊ कोणाचे गो?

शोध कसा घ्यायचा तेही मॅडमनी समजावलं होतं. पाचच्या अंगाने बघितलं तर माझ्या संख्येच्या दोन बाजूंपैकी एक पाचच्या पटीत असावीच लागते, आणि मग दुसरी पंचवीसच्या पटीपेक्षा तीनने जास्त किंवा तीनने कमी. म्हणजे तपासायच्या संख्या हजारभर नाहीत, थोड्याच. बावीस, अठ्ठावीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न, अशा. एकेक घ्यायची, तिचा वर्ग दहा लाख नऊमधून वजा करायचा, उरलेला वर्ग आहे का बघायचं.

आणि इथे मी माझ्या घरची चूक केली. मिठाचे वाफे आम्ही जोडीने घालतो, आणि जोडी सारखी असते. एक मोठा एक लहान झाला तर एकाचं पाणी आधी पिकतं, दुसऱ्याचं मागे राहतं, आणि ओढणाऱ्या दोन माणसांचा मेळ बसत नाही. त्यामुळे बांध घालताना जोडीतला एकच वाफा मापतात, दुसरा त्याच्यावरून. मी लहानपणापासून तेच बघत आले. म्हणून संख्येचे दोन चौरस शोधताना मी मधोमध सुरुवात केली, जिथे दोन्ही बाजू साधारण सातशेच्या आसपास, आणि तिथून खाली उतरत गेले. ७०३, ६९७, ६७८. जोडीतली एक बाजू तपासली की दुसरी तपासल्यासारखीच, हे इतकं अंगात मुरलेलं होतं की शंकाही आली नाही. खाली खाली येत मी शेवटी तीनपाशी पोचले. तीन तर आधीच माहीत होता. म्हणजे दुसरी रीत नाही. म्हणजे अविभाज्य. मी वर्गात सांगून टाकलं, सुदेशला सांगितलं, घरी सांगितलं. सुदेशने नऊवारीला नमस्कार केला. मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, दोन्ही बाजूंनी बघितलंस? मी म्हटलं, हो. आणि मनापासून म्हटलं, तेच वाईट.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांची पेज घेऊन मी आगरावर गेले. मार्चमधली दुपार आगरावर कशी असते ते बघितल्याशिवाय कळत नाही. ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरं राहतं. खाडीकडच्या टोकाला लाकडी झडप आहे, तिला आम्ही मानस म्हणतो. भरतीला ती उघडली की खारं पाणी आत येतं आणि एका मोठ्या तळ्यात थांबतं. तिथे तापून जड झालं की ते लहान वाफ्यांत सोडतात आणि मीठ तिथे धरतं. हे मी हजारदा बघितलेलं. त्या दिवशी बाबा तळ्याचा बांध थोडासा फोडून कडेच्या वाफ्यात पाणी घेत होते. मोठ्या तळ्याला लागून एक लहानसा वाफा. मोठा आणि लहान, एकमेकांना चिकटून, आणि पाणी एकच.

मी बांधावर मधेच थांबले. कुणी सांगितलं होतं की माझ्या संख्येतली ती पंचवीसच्या पटीला तीनने चुकणारी बाजू लहानच असेल? ती मोठीही असू शकते. मी फक्त लहान वाफा मापला होता, तो जोडीतला आहे असं धरून. तळ्याकडे मी बघितलंच नव्हतं. आणि संख्या तर पहिल्या दिवसापासून सांगत होती. हजार आणि तीन. याहून विजोड जोडी कुठली?

बाबा ओरडले, बाय, बांध ओलो आसा, आकडे मागीर मोज. मी पेजेचं भांडं तिथेच ठेवलं, एक काटकी उचलली आणि सुकल्या मातीवर हजाराच्या बाजूने सुरुवात केली. हजाराला तीन कमी, ९९७. वर्ग काढून वजा केला, उरले सहा हजार. शेवटी तीन शून्यं, वर्गाच्या शेवटी शून्यं जोडीनेच येतात. नाही. पुढची ९७८. उरले ४३,५२५. शेवटी पंचवीस आहे, म्हणजे आशा आहे. पण शेवटी पाच असलेल्या संख्येचा वर्ग ओळखायची शाळेतली युक्ती आहे, पंचवीसच्या आधीचा भाग शेजारच्या दोन संख्यांचा गुणाकार असावा लागतो. वीस एकवीसे चारशे वीस, एकवीस बावीसे चारशे बासष्ट. ४३५ मधेच. नाही. पुढची ९७२. हजाराला अठ्ठावीस कमी. वर्ग ९,४४,७८४. वजा केले.

५५,२२५.

शेवटी पंचवीस. आधी ५५२. तेवीस चोवीसे पाचशे बावन्न.

काटकी माझ्या हातात तशीच राहिली. दोनशे पस्तीसचा वर्ग. ९७२ चा वर्ग अधिक २३५ चा वर्ग, दहा लाख नऊ. महिनाभर मी ज्या दाराला आतून धडका देत होते, ते बाहेरून तिसऱ्या पावलावर उघडलं. मी बांधावरून धावले, आणि मिठागराच्या बांधावरून कुणी धावत नाही. बाबांनी फावडं टेकवून विचारलं, काय चावलां? मी म्हटलं, फुटली, बाबा, फुटली. त्यांनी आधी बांधाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाले, काल तर फुटणा नाय म्हणत होतीस. मी म्हटलं, काल मी चुकले होते. चुकले हे मी इतक्या आनंदाने त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

आज एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात बसून त्या दुपारीकडे बघते तेव्हा वाटतं, त्या दिवशी मी नवीन काही शिकले नाही. सगळं आधीच माहीत होतं, तळंही आणि वाफाही. इथे वर्गात कधीकधी मी मागे पडते. शहरातल्या मुली नावं पटापट घेतात, मला शब्द उशिरा सुचतात. पण एखादं गणित अडलं की मी स्वतःला विचारते, कुठली गोष्ट तू सारखी आहे असं धरून चालली आहेस? बहुतेक वेळा तिथेच असते.

दुसऱ्या दिवशी मामाच्या टॅक्सीतून कॉलेजला गेलो. मामाने सगळं एकाच दिवसात बसवलं होतं. आधी परीक्षा, मग जेवण, मग चारला मोरजीला मॅनेजरची भेट. बाबा पुढे बसले होते, धुतलेल्या शर्टात. ते गाडीतच थांबले, कॉलेजच्या फाटकापाशी, आंब्याखाली.

परीक्षक पणजीहून आले होते. कमी बोलणारे. मी फळ्यावर दोन्ही रीती लिहिल्या आणि म्हटलं, म्हणून ही संख्या अविभाज्य नाही. मला वाटलं झालं. ते म्हणाले, "फुटते हे कळलं. पण कुठे फुटते? भागाकार न करता सांग."

मी ते बघितलंच नव्हतं. दुसरी रीत सापडली या आनंदात मी रात्रभर शांत झोपले होते. मॅडमनी पासष्टवर हे एकदा करून दाखवलं होतं, पण पासष्ट मुठीत मावते. मागच्या बाकावर सुदेशचं हसणं थांबलं. जनेलातून मामाची गाडी दिसत होती.

मी खडू उचलला, कारण उभं राहण्यापेक्षा लिहिणं सोपं होतं. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे हजारचा वर्ग ९७२ च्या वर्गाहून जेवढा मोठा, तेवढाच २३५ चा वर्ग तीनच्या वर्गाहून मोठा. दोन वर्गांचा फरक म्हणजे वजाबाकी गुणिले बेरीज. लिहिलं: २८ गुणिले १९७२ बरोबर २३२ गुणिले २३८. बघत राहिले. अठ्ठावीस आणि दोनशे बत्तीस, दोघांत चार आहेत. चार बाजूला काढले, उरले सात आणि अठ्ठावन्न. त्यांच्यात सामाईक काही नाही. मग २३८ मधे सात असलेच पाहिजेत, सात चौतीसे दोनशे अडतीस. आणि अठ्ठावन्न चौतीसे एकोणीसशे बहात्तर. फळ्यावर चार संख्या उरल्या, चार आणि चौतीस, सात आणि अठ्ठावन्न. मॅडमनी पासष्टवर केलं होतं तशी पहिली, दोन्ही सम असलेली जोडी निम्मी केली, दोन आणि सतरा. प्रत्येक जोडीच्या वर्गांची बेरीज घेतली. चार आणि २८९, झाले २९३. एकोणपन्नास आणि ३३६४, झाले ३४१३.

"दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा," मी म्हटलं.

परीक्षकांनी विचारलं, "आता भागाकार करून बघू?"

"आता करा, सर."

त्यांनी स्वतः खडू घेतला आणि गुणाकार केला, शाळेतल्या पद्धतीने, एकाखाली एक. शेवटची ओळ हळूहळू उजवीकडून डावीकडे आली. नऊ. शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य. आणि मग एक. मागून सुदेशने बाकावर हात आपटला, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.

त्यानंतर मॅडम म्हणाल्या की अडीचशे वर्षांपूर्वी एका फार मोठ्या गणितज्ञाने हीच संख्या अविभाज्य म्हणून नोंदली होती, आणि काही वर्षांनी त्यानेच दुसरी रीत शोधून स्वतःची चूक दुरुस्त केली. मी म्हटलं, मॅडम, हे आधी सांगायचं ना. त्या म्हणाल्या, मग तू शोधलं असतंस?

परीक्षक आणि मॅडम दोघे माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. बाबा गाडीतून उतरले, चपला घालायला विसरले. मिठाने भेगाळलेले त्यांचे पाय लाल मातीवर तसेच. परीक्षकांनी हात जोडले आणि म्हणाले, "हिला थांबवू नका. पुढे पाठवा." बाबांनी मान हलवली. पुढे म्हणजे कुठे, किती वर्षं, काही विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ओढणीवरचा खडू झटकला.

गाडी निघाली. मागच्या सीटवर मी २९३ आणि ३४१३ यांची दोन वर्गांतली दुसरी रीत शोधत बसले, या वेळी दोन्ही बाजूंनी, आणि ती नव्हतीच. मग मामानेच विचारलं, मॅनेजराक काय सांगू? बाबा पुढे रस्त्याकडे बघत म्हणाले, सांग, चेडवाक काम गावलां, म्हणजे पोरीला काम मिळालं. मामा म्हणाला, कसलां काम? हे काम काय आहे ते मलाही सांगता आलं नसतं. बाबांनी मागे वळून मला विचारलं, ते दोन आकडे, ते आणखी फुटतत काय? मी म्हटलं, नाही बाबा, ते दोन्ही अविभाज्य. इथे ती संख्या संपते.

"आणि असे दुसरे आकडे आसत? कोणी बघूक नाय असे?"

"पुष्कळ आहेत. संपणारच नाहीत."

"मगे ता काम," बाबा मामाला म्हणाले.

नाका आला. तिथून एक रस्ता सरळ मोरजीला जातो आणि एक डावीकडे आमच्या गावाला. मामाने कुणालाच काही विचारलं नाही. डावीकडे वळला.